घाटात इगो नको, दाते हवेत!

रविवारी सकाळी सातच्या सुमाराला सिंहगडाच्या रस्त्यावर गेलात, तर सायकलवाल्यांचे दोन टाइप लगेच ओळखू येतात. पहिल्या टाइपचे पाय शिलाई मशीनवर असल्यासारखे भराभर फिरत असतात, स्पीड बेताचा असतो आणि शेजारच्याशी गप्पाही चालू असतात. दुसरा पेडलवर उभा, हँडल उपटून काढायचं असल्यासारखं घट्ट धरलेलं, चेहरा लालबुंद. गंमत म्हणजे, यातली महागडी सायकल बऱ्याचदा दुसऱ्याची असते! फिटनेस, डाएट, झोप हे सगळं मान्य. पण बॉस, पुष्कळ वेळा खरा फरक मागच्या चाकावर असतो. त्याचं नाव कॅसेट.

कॅसेट म्हणजे आई-बाबांच्या टेपरेकॉर्डरमधली नव्हे. मागच्या चाकाला लहानापासून मोठ्यापर्यंत दातेरी चकत्यांचा जो गठ्ठा असतो, तो. (आणि दाते म्हणजे पंचांगवाले नव्हेत!) '११-२८ ची कॅसेट' म्हणजे सगळ्यात छोट्या चकतीला ११ दाते, सगळ्यात मोठीला २८. पुढे पेडलपाशी असतात त्या चेनरिंग. बहुतेक नव्या रोड बाइकवर 'कॉम्पॅक्ट' सेट येतो, म्हणजे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चेनरिंग. पुढे छोटी आणि मागे मोठी, की गिअर हलका. बस्स, एवढाच फंडा.

सायकल घेताना आपण फ्रेम कार्बनची की अ‍ॅल्युमिनियमची यावर महिनाभर डोकं खातो, रंगावर घरच्यांशी वाद घालतो, आणि कॅसेट मात्र कंपनीने लावली असेल ती मुकाट्याने वापरतो. घाटात आपली गाठ पडते ती नेमकी तिच्याशी.

थोडं गणित, प्लीज

घाबरू नका, पाचवीचा भागाकार आहे. पुढचे दाते भागिले मागचे दाते. ३४ ला २८ ने भागलं तर १.२१. रोड बाइकचं चाक एका फेरीत साधारण २.१ मीटर पुढे जातं. म्हणजे पेडलच्या एका फेरीत सायकल जाते अडीच मीटरच्या किंचित पुढे. मागे ३४ ची चकती असेल तर उत्तर बरोब्बर १, म्हणजे २.१ मीटर. आणि जुन्या रेसिंग स्टाइलच्या सायकलींवर असायचा तो ३९ आणि २५ चा जोड घेतला, तर एका फेरीत जवळजवळ ३.३ मीटर.

आता हे सिंहगडावर लावू. डोणज्याच्या बाजूने वर पार्किंगपर्यंत आठ-नऊ किलोमीटर रस्ता आणि सहाशे मीटरच्या आसपास चढाई. म्हणजे सरासरी चढ सात टक्के, आणि काही वळणांवर त्याहून बराच जास्त. समजा तुमचं वजन ७० किलो, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून १० किलो. आठवडाभर खुर्चीत बसून, वीकएंडला सायकल काढून तुम्ही १५० वॅट ताकद सलग लावू शकता असं धरू. आठ टक्के चढावर या ताकदीत स्पीड मिळतो ताशी आठ किलोमीटरच्या आसपास. गिअर कुठलाही लावा, स्पीड तोच, कारण इंजिन तेच आहे. बदलतो तो कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पाय किती वेळा फिरतात तो आकडा. ३९-२५ वर तो येतो ४१. ३४-२८ वर ५३. आणि ३४-३४ वर ६४.

स्पीड तोच, घाम तोच. पण ४१ वाल्याला प्रत्येक फेरीत ६४ वाल्याच्या दीडपट जोर लावावा लागतो. हा जोर मांड्यांतून गुडघ्यात जातो आणि सोमवारी ऑफिसचा जिना चढताना आपली आठवण करून देतो. चढ दहा टक्क्यांवर गेला की ६४ चे होतात ५२ आणि ४१ चे होतात ३३. तेहेतीस म्हणजे सायकलिंग नाही राव, वेटलिफ्टिंग झालं!

काय जातं, काय मिळतं?

मोठी कॅसेट लावायचा विषय काढला की ग्रुपमधला एखादा सिनिअर हमखास सांगतो, "अरे, मधले गॅप मोठे होतात, ऱ्हिदम जातो." बघू या खरंच किती जातो ते. शिमानोच्या ११ स्पीडच्या दोन कॅसेट घ्या. ११-२८ मध्ये चकत्या आहेत ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २३, २५, २८. ११-३४ मध्ये आहेत ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४. नीट बघा, आठ चकत्या सेम टू सेम आहेत. सौदा फक्त तीन चकत्यांचा आहे. १२, १४ आणि २८ द्यायच्या, आणि २७, ३०, ३४ घ्यायच्या.

आता स्वतःला विचारा, १२ आणि १४ आपण वापरतो कधी? पुढे ५० ची चेनरिंग आणि कॅडन्स ९० असेल, तर १४ वर स्पीड होतो ताशी ४० आणि १२ वर ४७. सपाट रस्त्यावर २५-२८ ने जाणाऱ्या माणसाला या दोन चकत्या भेटतात त्या उतारावर. आणि उतारावर बहुतेक जण पेडल मारत नाहीत, ब्रेक मारतात! राहता राहिला वजनाचा मुद्दा. मोठ्या कॅसेटचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास जास्त भरतं. गडावरच्या कांदाभज्यांची एक प्लेट कमी केलीत की हिशेब चुकता.

अर्थात सिनिअर अगदीच चुकीचं बोलत नाही. तुम्ही ग्रुपमध्ये ताशी ४० ने सपाट हायवे तुडवत असाल, तर १३ वरून थेट १५ वर जाताना पाय अडखळतात. मुंबईत राहून पहाटे मरीन ड्राइव्ह करणाऱ्याला ३४ ची चकती नुसती शोभेची. त्याच्यासाठी ११-२८, अगदी १२-२५ सुद्धा झकास. सगळेच घाटही सारखे नसतात. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट लांब आहे, पण चढ साधारण पाच टक्के. तिथे त्याच १५० वॅटमध्ये ३४-२८ वरही कॅडन्स पंचाहत्तरच्या पुढे राहतो. म्हणून कॅसेट मित्राची बघून नाही, आपला रस्ता बघून घ्यायची.

आणि रस्त्याबरोबर वेळही बघायची. ताज्या पायांनी विसाव्या किलोमीटरला घेतलेला घाट वेगळा आणि दीडशेव्या किलोमीटरला भर उन्हात समोर उभा राहिलेला वेगळा. २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत संपवायची असते. तिथे शेवटच्या घाटात उतरून सायकल ढकलायची वेळ आली, की घड्याळ कुणासाठी थांबत नाही. थोडक्यात, गिअर निवडायचा तो आपल्या बेस्ट तासासाठी नाही, सगळ्यात वाईट तासासाठी.

मोठी चकती म्हणजे चीटिंग?

ही अढी आजची नाही. 'टूर द फ्रान्स' सुरू करणाऱ्या आंरी देग्रांजला गिअर बदलायची कल्पनाच पसंत नव्हती. टूरमध्ये डिरेलरला परवानगी मिळाली ती थेट १९३७ मध्ये. तोपर्यंत रेसर डोंगराच्या पायथ्याशी उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चकतीवर चढ चढायचे. आज मोठ्या डोंगरांत प्रोफेशनल रेसरही ३४ ची कॅसेट लावतात. त्यांच्या पायांत आपल्या दुपटीहून जास्त ताकद असते, हे लक्षात घ्या. त्यांना लाज वाटत नाही, तर आपल्याला कशाला?

बाणेरला राहणारी, बँकेत नोकरी करणारी माझी एक मैत्रीण दोन वेळा सिंहगडाच्या अर्ध्यावरून परत फिरली. "घाट आपला प्रांत नाही," असं म्हणून तिने सायकल विकायची जाहिरातही लिहून ठेवली होती. ओळखीच्या मेकॅनिकने फक्त कॅसेट बदलली, २८ ची ३४. पाय तेच, सायकल तीच. पुढच्या महिन्यात बाई एकदाही पाय न टेकवता वर पोचल्या आणि मडक्यातल्या दह्याचा फोटो टाकला. जाहिरात अर्थातच डिलीट!

दुकानात जाण्याआधी

- पुढच्या घाटात, दमलेले असताना, सगळ्यात हलक्या गिअरमध्ये उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा. १५ किंवा जास्त, तर आहे ती कॅसेट ठीक. १३-१४, तर एक साइज मोठी. त्याहून कमी, तर थेट ३४.
- मागच्या डिरेलरचं मॉडेल बघा. उदाहरणार्थ, शिमानो १०५ च्या ११ स्पीड आर ७००० मालिकेत आखूड केजचा एसएस डिरेलर ३० दात्यांपर्यंतच जातो, लांब केजचा जीएस ३४ पर्यंत. १२ स्पीडचा नवा १०५ तर ३६ पर्यंत घेतो.
- जितके स्पीड सायकलला, तितक्याच स्पीडची कॅसेट. ११ च्या जागी १० ची चालणार नाही.
- चेनची लांबी तपासून घ्या. मोठ्या कॅसेटला बहुतेक वेळा जास्त कड्या लागतात. आखूड चेनवर पुढे मोठी आणि मागे मोठी चकती टाकलीत, तर डिरेलर आणि हँगर दोन्ही वाकतात. आणि घाटात रिक्षा मिळत नाही!
- जुनी कॅसेट टाकून देऊ नका. सपाट रस्त्याची मोठी राइड असेल तेव्हा ती परत लावता येते. हत्यारं असतील तर काम अर्ध्या तासाचं आहे.

नवी कॅसेट काही हजारांत येते. बाल्कनीत कपडे वाळत घालायला ठेवलेली सायकल त्यापेक्षा कितीतरी महाग पडते. तेव्हा या आठवड्यात एकदा खाली वाका, आपल्या मागच्या चाकावरचे दाते मोजा, आणि मगच ठरवा, घाट आपला प्रांत आहे की नाही ते!