डॉक्युमेंट्स नेमकं कोणाचं?

विंडोजवरचं डॉक्युमेंट्स उघडा आणि त्यात तुम्ही स्वतः केलेलं काय आहे ते शोधा. ‘अडोबी’, ‘कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स’, ‘माय गेम्स’, ‘आउटलुक फाइल्स’, ‘झूम’... यांतलं एकही फोल्डर तुम्ही केलेलं नसतं आणि करताना तुम्हाला कोणी विचारलेलंही नसतं. ज्यांनी ‘सातबारा’, ‘सोसायटी’, ‘दहावीचे पेपर’ अशी देवनागरी नावं दिली आहेत, त्यांची तर आणखी गंमत. नावानुसार क्रम लावला की रोमन अक्षरं आधी, देवनागरी नंतर. पोटभाडेकरू दिवाणखान्यात आणि घरमालक मागच्या पडवीत!

याला वापरणाऱ्याचा गबाळेपणा कारणीभूत नाही. 2007 साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून प्रोग्रामच्या सेटिंग्ज आणि तात्पुरत्या फाइलींसाठी ‘अ‍ॅपडेटा’ नावाची, एरवी डोळ्यांना न दिसणारी जागा आहे. गेममधली प्रगती साठवायला ‘सेव्ह्ड गेम्स’ हे फोल्डरही तेव्हाच आलं. तरी कित्येक गेम अजून तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. मॅकवर असलं सामान ‘लायब्ररी’त जातं, लिनक्सवाल्यांनीही त्यासाठी संकेत लिहून ठेवले आहेत. ते मोडणारे तिथेही आहेतच म्हणा.

प्रोग्रामवाल्यांच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. लोक बॅकअप घेतात तो बहुधा डॉक्युमेंट्सचाच, तेव्हा गेममधली मेहनत तिथे असली तर वाचते. ठीक. पण लॉग फाइली आणि कॅशे तिथे कशाला? हा निव्वळ आळस आहे आणि वनड्राइव्ह आल्यापासून तो महागही पडू लागला आहे. फुकटात मिळते 5 जीबी जागा. बॅकअप चालू असेल तर डॉक्युमेंट्समधलं सगळंच वर चढतं. झूमवर बैठक रेकॉर्ड केली की व्हिडिओ, मुद्दाम जागा बदलली नसेल तर, याच डॉक्युमेंट्समधल्या ‘झूम’मध्ये पडतो. अशा थोड्या बैठका झाल्या की जागा संपल्याची पाटी झळकते आणि माणूस आपल्या वर्डच्या फाइली पुसत बसतो. त्या बिचाऱ्या काही केबींच्या!

वैतागून ही फोल्डर्स सरसकट उडवू मात्र नका. बरीचशी प्रोग्राम पुन्हा उघडताच परत उगवतात, ते एक वेळ चालेल. पण ‘आउटलुक फाइल्स’मध्ये पीएसटी फाइल असू शकते. जुन्या पॉप पद्धतीच्या खात्यात सर्व्हरवर मेल उरलेली नसेल, तर सगळा पत्रव्यवहार त्या एकाच फाइलीत असतो. गेली की गेली.

जिथे जागा बदलता येते तिथे बदला. झूममध्ये रेकॉर्डिंगच्या सेटिंग्जमध्ये ती सोय आहे, वर्डमध्ये टेम्प्लेट्सची जागा ऑप्शन्समधल्या ‘सेव्ह’खाली सापडते. जे ऐकतच नाहीत त्यांच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘हिडन’वर खूण. फोल्डर जागेवर राहतं, नजरेआड होतं.

अनेक जण आपल्या फाइलींसाठी डी ड्राइव्हवर वेगळा संसार थाटतात. मला तो उपाय फारसा पसंत नाही, कारण वनड्राइव्हचा बॅकअप तिथवर आपणहून पोचत नाही आणि वेगळा बॅकअप घ्यायचा उत्साह महिनाभरात मावळतो. त्यापेक्षा डॉक्युमेंट्समध्येच ‘_माझं’ असं एक फोल्डर करा. आधीच्या अधोरेषेमुळे ते यादीत सगळ्यांच्या वर बसतं. आपलं सगळं त्यात हलवा आणि ते क्विक अ‍ॅक्सेसला पिन करा. मग बाहेर कोण काय मांडतं याच्याशी तुम्हाला कर्तव्य नाही.

आणि वाचकांत कोणी प्रोग्राम लिहिणारे असतील तर त्यांना एक विनंती: वापरणाऱ्याने स्वतः ‘सेव्ह’ म्हटल्याशिवाय त्याच्या डॉक्युमेंट्समध्ये काहीही ठेवू नका.