कुरुंद्याहून परदेशी निघताना

पोरगा अमेरिकेत आहे, नाहीतर लेक दुबईत. फोन येतो, "आई-बाबा, आता या." कुरुंदा, वसमत, गिरगाव या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत आता असं बोलावणं येतं. आनंद होतो आणि पोटात गोळाही येतो. प्रवास लांबचा, खर्च मोठा, भाषा परकी. पण चार गोष्टी आधी ठरवल्या, तर साठी-सत्तरीतला माणूसही हा प्रवास नीट करू शकतो.

आधी पासपोर्ट काढून बघा. परतीच्या तारखेनंतरही त्याची मुदत निदान सहा महिने उरलेली असावी. बरेच देश हे बघतात. मग नाव बघा. काहींच्या पासपोर्टवर नुसतं नाव असतं, आडनावाची जागा कोरी. दुबईकडे व्हिजिट व्हिसावर जाताना असं एकच नाव नोव्हेंबर २०२२ पासून चालत नाही. तेव्हा ही दुरुस्ती आधी. नव्या ३६ पानी पासपोर्टची साधी सरकारी फी १,५०० रुपये आहे. कुणी जास्त मागत असेल, तर कशाचे ते विचारा.

व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. "व्हिसा मिळवून देतोच" अशी हमी देणाऱ्यापासून लांब राहा. ती हमी कुणीच देऊ शकत नाही.

आता तारीख. मे-जूनच्या सुट्ट्या आणि डिसेंबरचा दुसरा पंधरवडा, या दिवसांत भाडं चढलेलं असतं. ऑगस्टमध्ये शिकायला जाणाऱ्या पोरांची गर्दी असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये भाडं बहुधा उतरतं. पण आपल्याकडे तेव्हाच हळद निघते. काढणी, शिजवणी, वाळवणी, पॉलिश, मग मोंढा. घरचं माणूस तेव्हा हललं, तर तिकिटात वाचलेलं मजुरीत जातं. म्हणून हळदवाल्या घरांना मी सप्टेंबर सुचवेन. हळदीला भर लावून झालेली असते. महालक्ष्म्या उरकून निघता येतं. सोयाबीनच्या काढणीला मागे कोण बघणार, एवढं मात्र ठरवून जा. बाळंतपणाला जायचं असेल तर तारीख आपल्या हातात नसते. तरी दोन-तीन दिवस मागेपुढे करून भाडं बघायला सांगा. तेवढ्यानेही फरक पडतो.

विमान मुंबईहूनच कशाला, हाही विचार करा. नांदेडहून हैदराबाद हे मुंबईच्या जवळपास निम्म्या अंतरावर आहे. आखाती देशांना आणि लंडनला जाणारी विमानं तिथूनही सुटतात. हैदराबादचा शमशाबाद विमानतळ शहराबाहेर आहे, तेवढा वेळ हाती ठेवा. हिशेब नुसत्या विमानाच्या तिकिटाचा करू नका. कुरुंद्याच्या दारापासून पोराच्या दारापर्यंतचा करा. गाडीभाडं, रेल्वे, लॉजची एक रात्र, सोबत सोडायला येणाऱ्याचा परतीचा खर्च, सगळं धरा. मग स्वस्त काय ते कळेल.

मुंबईहूनच जायचं असेल, तर रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुटतं, ती तारीख लिहून ठेवा. आणि एक दिवस आधी पोहोचा. गाडीला उशीर होतो. विमान थांबत नाही.

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात ते रात्रीच्या तारखेत. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. समजा, तिकिटावर १२ तारीख, वेळ रात्री १:३०. म्हणजे तुम्ही विमानतळावर ११ तारखेच्या रात्री दहापर्यंत पोहोचलेले असायला हवं. १२ तारखेच्या रात्री गेलात, तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. तिकीट आलं की घरातल्या कॅलेंडरवर घर सोडायची तारीख लाल शाईने लिहा.

मधे विमान बदलायचं असेल, तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर असू द्या. दोन वेगवेगळी तिकिटं कधी कधी स्वस्त पडतात. पण पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडतात. बॅगाही मधे स्वतः उचलाव्या लागू शकतात. एका तिकिटावर पुढची सोय करणं सहसा कंपनीवर येतं. बदलायला तीनेक तास मिळतील असं बघा. काही देशांत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, ते आधी विचारा. एजंटाला पैसे बँकेतून द्या, पावती घ्या. तिकिटावरचा पीएनआर नंबर विमान कंपनीच्या वेबसाइटवर टाकून तुमचं नाव दिसतं का, ते पोरांकडून बघून घ्या.

जेवणाचं आधी सांगावं लागतं. माळकरी मंडळींनी इथे नीट लक्ष द्या. विमानात 'हिंदू मील' म्हटलं की शाकाहारी, असं समजू नका. बऱ्याच कंपन्यांत त्यात गोमांस नसतं, पण मटण-चिकन असू शकतं. तुम्हाला हवं ते 'एशियन व्हेजिटेरियन' किंवा जैन जेवण. शुगर असेल तर मधुमेहींचं वेगळं जेवणही मिळतं. हे निदान एक दिवस आधी नोंदवलेलं असावं. सोबत दशम्या, धपाटे, राजगिऱ्याचे लाडू घ्या आणि उतरण्याआधी संपवा.

बॅग भरताना आईचा जीव गुंततो. लेकराला काय देऊ नि काय नको. तरी काही गोष्टी घरीच ठेवा. खसखस आपल्या काळ्या मसाल्यात असते. दुबई आणि सिंगापूरमध्ये ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. तिकडे जाताना खसखस नको, ती घातलेला मसालाही नको. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेऊ शकतं, म्हणून मोठ्या बॅगेत चालत नाही. कढीपत्ता, ताजी फळं, बियाणं अमेरिकेत अडवतात. ऑस्ट्रेलिया तर फारच कडक. वसमतची हळद जरूर न्या, पण पाकीटबंद आणि मोठ्या बॅगेत. लोणचं आणि तूपही तिथेच. हातातल्या पिशवीत १०० मिलीपेक्षा मोठी बाटली चालत नाही. पॉवर बँक मात्र हातातल्याच पिशवीत हवी. तिकडे उतरल्यावर फॉर्मवर खाण्याच्या वस्तूंबद्दल विचारलं, तर खरं लिहा. लिहिलं तर फार तर वस्तू काढून घेतात. लपवलं तर दंड होतो.

औषधं सगळी हातातल्या पिशवीत. पूर्ण मुक्कामाची घ्या. डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी सोबत ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी घड्याळ बदलल्यावर डोस कधी घ्यायचा, ते निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावं.

मुंबई ते न्यूयॉर्क थेट गेलात तरी पंधरा-सोळा तास बसावं लागतं. बसून पायात रक्त साकळू शकतं. म्हणून वाटेच्या कडेची खुर्ची मागा. दर दीड-दोन तासांनी उठा, चार पावलं चाला. बसल्या जागी घोटे फिरवा. पाणी थोडं थोडं पीत राहा. लघवीला उठावं लागेल म्हणून पाणी टाळू नका, बायाबापड्या हेच करतात आणि मग पाय सुजतात. चप्पल-बूट सैल असू द्या. नऊवारी चालते, धोतर चालतं. थंडी वाजते, शाल घ्या. आधी पायात गाठ झाली असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका.

गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर मागायला लाजू नका. तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी सांगा. मोठ्या विमानतळावर किलोमीटरभर चालणं सहज होतं. पोराचा पत्ता आणि फोन नंबर इंग्रजीत लिहिलेला कागद खिशात ठेवा. मोबाइल बंद पडू शकतो.

प्रवास विमा घ्याच. बीपी, शुगर, हृदयाचा त्रास काही लपवू नका. लपवलेल्या आजारासाठी विमा पैसे देत नाही आणि अमेरिकेतल्या दवाखान्याचं बिल शेत विकूनही फिटणार नाही.

शेवटचं आणि फार महत्त्वाचं. कुणाचंही बंद पाकीट नेऊ नका. २०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं नातेवाइकाने दिलेलं पाकीट घेऊन कतारला गेलं. त्यात चरस निघाला. दहा वर्षांची शिक्षा झाली. बाईला दिवस गेलेले होते, लेकरू तुरुंगात जन्मलं. निर्दोष सुटून घरी यायला २०२१ उजाडलं. गावातला माणूस रागावला तर रागावू द्या. उघडून दाखवणार नसेल, तर नाही म्हणा.

आणि बाहेर राहणाऱ्या पोरा-पोरींनो, आई-वडिलांचं तिकीट काढताना दोन-पाच हजार वाचवायला तीन ठिकाणी विमान बदलायला लावू नका. एकदाच बदलावं लागेल असं बघा, आणि जमलं तर थेटच काढा.