पालक म्हणजे कोण?

आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकांच्या तक्रारी आपल्या ओळखीच्या आहेत. नवरा, सासू, पैसा, मारझोड. अलीकडे त्यांच्या जोडीला आणखी एक तक्रार ऐकू येते. बाकीचे सगळे सांगून झाल्यावर बाई उठता उठता म्हणते, "आणि पोर अजिबात ऐकत नाय वो ताई." पोर तीन-चार वर्षांचे असते. अंगावर धावून येते, चावते, हातातला मोबाइल काढून घेतला की जमिनीवर डोके आपटते. अंगणवाडीताईंनी सांगितलेले असते, घरी जरा शिस्त लावा. सासू म्हणते, आईचेच लाड. मुंबईहून नवरा फोनवर विचारतो, तू दिवसभर करतेस काय? मूल एक आणि त्याच्यावरून आरोपी ठरते एकच बाई.

अशा मुलांसाठी एक उपचारपद्धती आहे, तिच्याविषयी या अंकात लिहायचे ठरवले. ही पद्धत मुलाला औषध देत नाही. ती आईबापांना शिकवते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात कॉन्स्टन्स हान्फ या बाईंनी तिचा पाया घातला आणि १९७० च्या दशकात शीला आयबर्ग यांनी तिला आजचे रूप दिले. दोन ते सात वर्षांचे मूल आणि त्याची आई किंवा बाप एका खोलीत खेळतात. समुपदेशक एकतर्फी काचेमागे बसतो आणि पालकाच्या कानात एक छोटे यंत्र असते, त्यातून 'आता हे म्हणा', 'आता गप्प राहा' असे सांगतो. पहिल्या टप्प्यात फक्त खेळ. खेळ मुलाने ठरवायचा. पालकाने हुकूम सोडायचा नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, चुका काढायच्या नाहीत. मूल करते ते शब्दांत सांगायचे, ते बोलते ते पुन्हा म्हणायचे, चांगले केले की नेमके काय चांगले केले ते सांगून कौतुक करायचे. घरीही रोज पाच मिनिटे हेच. दुसऱ्या टप्प्यात हुकूम कसा द्यावा हे शिकवतात: एका वेळी एकच, मुलाला जमेल असा, स्पष्ट. ऐकले तर लगेच शाबासकी. नाही ऐकले तर एकदा सूचना, आणि मग तीन मिनिटे खुर्चीवर शांत बसवणे. (आपल्याकडे अनेक घरांत खुर्ची एकच असते आणि तिच्यावर सासरे बसलेले असतात, हा भाग वेगळा.)

वाचताना वाटेल, यात काय विशेष? पण आपण मुलांशी कसे बोलतो ते एक दिवस ऐकून पाहा. "खेळणी उचलतोस ना रे?" हा हुकूम नव्हे, प्रश्न आहे, आणि मूल प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते. "नीट वाग" म्हणजे काय करायचे, हे चार वर्षांच्या मुलाला कळत नाही. "बाबा आले की सांगते" म्हणावे, तर बाबा येणार गणपतीला. "लाल गाडी डब्यात ठेव" एवढे साधे वाक्य आपल्या तोंडी क्वचित येते. आणि कौतुक? दृष्ट लागेल म्हणून, शेफारेल म्हणून ते आपण गिळून टाकतो.

याच ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने घराघरांत जाऊन निरीक्षणे केली आणि एक चक्र दाखवून दिले. मूल मोबाइलसाठी किंचाळते. चुलीवर भात, बाहेर सासू ओरडते आहे, आई मोबाइल देऊन टाकते. किंचाळणे थांबते. मूल शिकले की किंचाळले की मिळते, आणि आई शिकली की दिले की शांतता होते. दुसऱ्या दिवशी आई धपाटा घालते, मूल गप्प होते. आता आई शिकली की मारले की काम होते. दोघे एकमेकांना रोज थोडे थोडे शिकवत राहतात आणि आवाज वाढत जातो. मला हे महत्त्वाचे वाटते, कारण यात कोणी वाईट नाही. मूल जात्याच दुष्ट नाही, आईही नालायक नाही. मानसशास्त्राने नेहमीच इतका समंजसपणा दाखवलेला नाही. स्वमग्न मुलांच्या आया थंड, मायाहीन असतात म्हणून मुले तशी होतात, असे एके काळी मोठमोठे तज्ज्ञ सांगत. ब्रुनो बेटलहाइम यांचे त्या विचाराचे पुस्तक १९६७ चे. ते सारे खोटे ठरले, पण तोवर कितीतरी आयांनी स्वतःला दोषी मानून घेतले होते.

आपल्याकडे आईची फूटपट्टी तर आपल्याच जिल्ह्यातून गेली. साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे. श्याम पोहायच्या भीतीने लपून बसला तेव्हा आईने त्याला मारून पोहायला धाडले आणि मागाहून मायेने समजावले. ते वाचून आपण सगळ्या रडलो आहोत. पण त्या पुस्तकाने एक हिशेबही आपल्या मनात पक्का केला: मूल घडले तर आईमुळे, बिघडले तर आईमुळे. मारणे हीसुद्धा मायेचीच एक तऱ्हा, हेही त्यातून शिकलो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतली छडी बंद केली. घरातला रट्टा अजून संस्कार म्हणूनच मोजला जातो. नवऱ्याने बायकोला मारणे हा 'घरचा मामला' नाही, हे सांगायला आपल्याला किती वर्षे लागली! मुलाच्या बाबतीत आपण तेच म्हणायला कचरतो. मारू नका एवढेच सांगून भागत नाही, मग करायचे काय तेही सांगावे लागते, आणि ही पद्धत ते सांगते. म्हणून ती मला हवी आहे. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा पालक-प्रशिक्षणाची शिफारस करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली.

आता 'पालक' या शब्दाकडे येऊ. शब्द पुल्लिंगी आहे, पण पालक सभेला कोण येते? अंगणवाडीच्या पालक मेळाव्याला कोण येते? रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा मुलगी नकोशी नसल्याचा पुरावा म्हणून मिरवला जातो. त्याचे मोठे कारण, पुरुष मुंबईला गेलेत, हे आहे. गिरण्या गेल्या, कोकण रेल्वे आली, चाकरमानी चाकरमानीच राहिला. मिरकरवाड्याच्या बंदरावर पहाटेपासून मासळी निवडणारी, काजूच्या कारखान्यात बोटे काळी करून घेणारी, आणि घरी येऊन पाणी भरणारी जी बाई आहे, तिला आपण सांगणार की रोज पाच मिनिटे मुलाच्या मनाप्रमाणे खेळ. पाच मिनिटे फार नाहीत. पण ती शांत डोक्याने द्यायची पाच मिनिटे आहेत, आणि शांत डोके हीच तिच्याकडची सर्वांत दुर्मीळ वस्तू आहे.

यावर एक जुना अभ्यास आपण सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. टेनेसीच्या रॉबर्ट वॉलर यांनी तो १९८० साली प्रसिद्ध केला. गरीब वस्तीतल्या आयांना त्यांनी हेच प्रशिक्षण दिले. शिकवणी चालू होती तोवर आया सुधारल्या, मुले सुधारली. वर्षभराने पाहिले तर सगळे पूर्ववत. या आयांना माणसे भेटतच नव्हती असे नाही. भेटत ती बहुधा नातेवाईक आणि सरकारी खात्यांची माणसे, म्हणजे दोष काढणारी. मैत्रिणी जवळजवळ नव्हत्या. आणि वॉलर यांना आणखी एक गोष्ट दिसली: ज्या दिवशी या बायकांच्या मैत्रिणींशी अधिक गाठीभेटी होत, त्या दिवशी त्या आपल्या मुलांशी कमी कडवट वागत. त्याच घरात, त्याच मुलाशी.

आपल्या महिला मंडळांना, बचत गटांना 'बायकांच्या गप्पा' म्हणून हिणवणाऱ्यांना हे वाचून दाखवायला हवे. पण टोमणा मारून थांबण्यापेक्षा यातून काम निघते ते पाहू. उपचार दवाखान्यातल्या काचेमागून होईल आणि बाई पुन्हा एकटी घरी जाईल, तर तो टिकणार नाही. दहा जणींनी एकत्र बसून शिकले, एकीने दुसरीच्या मुलाशी खेळून दाखवले, रात्री पोराला रट्टा घालावासा वाटला तर फोन करायला कोणी असले, तर टिकण्याची आशा आहे.

यासाठी प्रत्येक ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ हवाच असे नाही. शेजारच्या गोव्यात 'संगाथ' संस्थेने स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी जवळचीच एक पद्धत वापरून पाहिली, त्याच वेळी पाकिस्तानात रावळपिंडीतही. तज्ज्ञ नसलेले पण प्रशिक्षित कार्यकर्ते सहा महिन्यांत बारा वेळा घरी जात, खेळाचे चित्रीकरण करत आणि ते पालकाबरोबर बसून पाहात. ६५ मुलांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. सगळ्याच कसोट्यांवर फरक पडला नाही, पण पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले आपणहून संवाद सुरू करू लागली.

मग आपल्याकडे हे कोण करणार? उत्तर नेहमीचेच: अंगणवाडीताई. हा शब्द देणाऱ्या ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडी थेट मुलांच्या अंगणात नेली, तेव्हा आईबापांना शिकवणे हा त्या कामाचाच भाग होता. आजची सेविका वजने घेते, आहार वाटते, मोबाइलवर माहिती भरते, आणि हे सारे 'मानधना'वर. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, त्या उगाच नव्हे. एका राबलेल्या बाईने दुसऱ्या राबलेल्या बाईला फुकट शांतपणा शिकवावा, अशी योजना आली तर मी तिच्या विरोधात असेन. काम वाढवा, पण पगार म्हणून पैसे द्या आणि हाताखाली माणूस द्या.

दोन गोष्टी कार्यकर्त्यांसाठी. रत्नागिरीत १८८६ पासून मनोरुग्णालय आहे, आणि कोकणात 'रत्नागिरीला नेऊन टाका' हे वाक्य शिवीसारखे वापरले जाते. त्यामुळे मुलाला 'तिकडच्या' डॉक्टरांना दाखवू या म्हटले की घर हादरते. बाईबरोबर आपण स्वतः जावे. आईलाच उपचारांसाठी दाखल व्हावे लागले तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे तीन वर्षांखालचे मूल तिच्यापासून एरवी तोडता येत नाही, हेही ठाऊक असू द्या.

दुसरी अधिक नाजूक. प्रत्येक न ऐकणारे मूल शिस्तीअभावी तसे नसते. रात्री बाप आईला मारतो ते पाहणारे मूल दिवसा दुसऱ्या मुलांना मारते. ऐकू कमी येणारे मूल हाकेला ओ देत नाही. आईला 'स्पष्ट हुकूम' द्यायला शिकवण्याआधी दार लोटून विचारा: घरात मारहाण होते का? तुला झोप लागते का? मुलाचे कान तपासले का? घरात मार चालू असताना बाईला कौतुकाचे धडे देणे हा तिच्यावर आणखी एक अन्याय होईल.

आमच्या चार वस्त्यांतल्या गटांनी दिवाळीनंतर एक प्रयोग करायचे ठरवले आहे. महिन्यातून दोनदा, रविवारी, मुलांसह बैठक. सुट्टीवर आलेल्या बापांना, आजोबांना आणि सासूबाईंना आग्रहाने बोलावणे. खेळणी विकत आणायची नाहीत. करवंट्या, काजूच्या बिया, शंख-शिंपले पुरतील. आपापल्या भागात कोणी असे काही करत असेल तर जरूर कळवा. विशेषतः एक आकडा आम्हाला हवा आहे: किती पुरुष आले, आणि दुसऱ्यांदा किती आले.