दोष एकट्या सुनेचाच का?

प्रश्न : माझे वय २८. लग्नाला चार वर्षे झाली, मूल नाही. माझी सोनोग्राफी, रक्ततपासणी, नळ्यांचा एक्स-रे, सारे झाले. काही दोष निघाला नाही. माझे पती स्टील प्लांटमध्ये भट्टीजवळ काम करतात. मोठ्या मिनतवारीने त्यांना तपासणीला नेले, तेव्हा शुक्रजंतू कमी आणि डाव्या बाजूला व्हेरिकोसील असल्याचे कळले. ऑपरेशनने पुरुषत्व जाते, असे सासूबाई म्हणतात. घरात बोल मात्र मलाच लागतो. काय करावे?
— एक वाचिका, कॅम्प-१, भिलाई

उत्तर : वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी. ती पत्नीच्या तपासण्यांबरोबर, अगदी सुरुवातीलाच व्हायला हवी. तुमच्याकडे ती शेवटी झाली.

पायाच्या शिरा फुगतात, तशाच वृषणाभोवतीच्या शिरा फुगणे म्हणजे व्हेरिकोसील. शिरांतील झडपा कमकुवत झाल्या की रक्त खाली साचते. डावी शीर लांब असून मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, म्हणून हा त्रास बहुधा डावीकडे होतो. शुक्रजंतू तयार व्हायला शरीरापेक्षा थोडे कमी तापमान लागते. साचलेल्या रक्ताने ते वाढते आणि शुक्रजंतूंची संख्या व हालचाल घटू शकते.

मात्र घाबरू नका. शंभरातील सुमारे पंधरा पुरुषांना व्हेरिकोसील असते आणि त्यांपैकी अनेकांना मुले होतात. त्यामुळे ते दिसले की ऑपरेशन, असे नाही. दोन ते सात दिवस संबंध टाळून वीर्यतपासणी पुन्हा करा. पुन्हा दोष आढळला आणि फुगलेल्या शिरा डॉक्टरांच्या हाताला लागत असतील, तरच ऑपरेशनचा विचार करावा. केवळ सोनोग्राफीत दिसणाऱ्या बारीक शिरांसाठी ते करू नये.

पुरुषत्व जाण्याची भीती निराधार आहे. ऑपरेशनात फक्त फुगलेल्या शिरा बांधतात. सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या ऑपरेशनात त्रास पुन्हा उद्भवण्याची किंवा अंडकोषात पाणी होण्याची शक्यता कमी असते. दहापैकी सहा-सात जणांचा अहवाल सुधारतो. पण दिवस राहतीलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून पुढची तपासणी तीन महिन्यांनी करावी. तुमचे वय पाहता तेवढे थांबायला हरकत नाही.

भट्टीजवळच्या उष्णतेनेही शुक्रजंतूंना अपाय होऊ शकतो. नोकरी सोडू नका. जमल्यास काही महिने कमी उष्णतेच्या जागी काम मागून घ्यावे. बिडी, गुटखा, दारू बंद. जाहिरातीतल्या ताकदीच्या औषधांवर पैसे घालवू नका. जवळच रायपूरच्या एम्समध्ये यूरॉलॉजी विभाग आहे. तेथे दोघांनी मिळून जावे.

आणि हे उत्तर सासूबाईंना जरूर वाचून दाखवा.