पाणी कुठे मुरतंय?

मे महिन्यात आमच्या सोलापुरात पारा ४२च्या वर गेला की गाड्या तापतात, आणि त्यासोबत सल्ले सुरू होतात. "उन्हाळाच तसला आहे हो, डिकीत पाण्याच्या दोन बाटल्या ठेवा!" हे इतक्यांदा ऐकलंय, की म्हटलं आता लिहायलाच हवं.

माझं मत स्पष्ट आहे मंडळी. दोष उन्हाचा नाही. कूलंट बंद चक्रात फिरतं. रेडिएटरचं झाकण साधारण १ बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी १०० नव्हे, १२० अंशांच्या आसपास उकळतं. गाडी धडधाकट असेल तर भर उन्हातही पातळी महिनोन्महिने हलत नाही. ती दर आठवड्याला खाली जातेय, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. बाटली हा फियाट-अँबेसिडरच्या जमान्यातला संस्कार. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून गेली, पण संस्कार काही जात नाही!

मग शोधायचं कसं? आधी गाडी तापते कधी ते बघा. नव्या पेठेच्या गर्दीत तापते आणि हायवेला निवते, तर संशय फॅनवर. उलट हायवेलाच तापते, तर रेडिएटर चोंदलाय का ते बघा. इथल्या बोअरच्या जड पाण्याने भांड्यांना जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो. म्हणून कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटरच हवं.

गळती शोधायला गॅरेजवाल्याकडे हातपंपासारखं प्रेशर टेस्टर असतं. थंड इंजिनवर दाब दिला की होज, क्लॅम्प, वॉटर पंप, कुठे ओल येते ते दिसतं. पुढच्या सीटखालची चटई ओली आणि गोडसर वास असेल तर हीटरची जाळी. बाहेर कुठेच थेंब नाही, पण सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतो किंवा ऑइल दुधाळ झालंय? मग हेड गॅस्केट. अशी गाडी चालवत राहिलात तर हेडला बाक येतो, आणि खर्च क्लॅम्पच्या किमतीवरून थेट इंजिनकामावर जातो.

"थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" असं म्हणणाऱ्या मेस्त्रीला मात्र लांबूनच नमस्कार करा. इंजिनला थंड नव्हे, योग्य तापमान लागतं. थर्मोस्टॅट काढला की ते तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त पितं, आणि मूळ गळती आहे तिथेच राहते.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे आमचे एक भाऊजी. दर रविवारी लिटरभर पाणी ओततात, आणि पुढच्या आठवड्यात दोन लेकरांना घेऊन पुण्याला निघालेत. अडीचशे किलोमीटर! भाऊजी, वाचत असाल तर आधी प्रेशर टेस्ट करून घ्या. काट्यावर विसंबू नका. सेन्सरभोवती पाणीच उरलं नाही तर काटा उलट खालीही येतो. आणि रस्त्यात गाडी तापलीच, तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा, पण तापलेलं झाकण अजिबात उघडू नका. उसळणारं पाणी थेट तोंडावर येतं.

उजनीचं पाणी चार-चार दिवसांनी नळाला येताना आपण सोलापूरकरांनी पाहिलंय. नुसतं ओतत राहून गळकी टाकी भरत नाही, हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको. असो.