वजन उतरल्यानंतर

लग्नसराई जवळ आली की योगवर्गांत, जिममध्ये आणि सकाळच्या मैदानांवर नवे चेहरे दिसू लागतात. लेकीचं लग्न चार महिन्यांवर आलंय, तोवर सात-आठ किलो उतरवायचेच, असं आई ठरवते आणि बहुतेक वेळा उतरवतेही. भात बंद, साखर बंद, दोन्ही वेळा चालणं. लग्नाच्या फोटोंत ती खरोखर छान दिसते. पण दिवाळसणाला जावई घरी येतो तोवर त्यातले निम्मे किलो परत आलेले असतात, आणि ती म्हणते, ‘माझ्यात चिकाटीच नाही.’

हे वाक्य मला ऐकवत नाही. जिने चार महिने भाताला हात लावला नाही, तिच्यात चिकाटी नाही असं कसं म्हणायचं? वजन उतरवायचा बेत तिच्याकडे होता, उतरल्यानंतर काय करायचं याचा नव्हता. तो तिला कुणी सांगितलाच नाही.

घटलेलं वजन शरीर मुकाट्याने मान्य करत नाही. भूक वाढते आणि बसल्या जागी खर्च होणारी ऊर्जा कमी होते. अमेरिकेत ‘द बिगेस्ट लूजर’ नावाचा वजन घटवण्याच्या स्पर्धेचा टीव्ही कार्यक्रम गाजला. त्यातल्या १४ स्पर्धकांना केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं आणि २०१६ साली निष्कर्ष मांडले. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं. शरीराचा विश्रांतीतला खर्च मात्र अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिला होता. एका बेताच्या जेवणाइतका हा फरक, आणि तो रोजचा. तरीही काही जणांनी वजन टिकवलं होतं. त्यांचा पुढे अभ्यास झाला तेव्हा दिसलं की त्यांची हालचाल इतरांच्या मानाने कितीतरी जास्त वाढलेली होती.

त्याच देशात रीना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ साली एक नोंदणी सुरू केली. किमान ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोंच्या वर वजन उतरवून ते निदान वर्षभर टिकवलेल्या लोकांची. कुणी काय खाऊन वजन उतरवलं याच्या तऱ्हा वेगवेगळ्या, पण त्यांच्यातले दहापैकी नऊ जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, आणि व्यायाम म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत साधं चालणं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. नुसत्या चालण्याने भराभर वजन उतरेल ही आशा खोटी आहे. एका वडापावात अडीचशे-तीनशे कॅलरी असतात, त्या खर्ची पडायला पाऊण ते एक तास झपाझप चालावं लागतं. वजन उतरवण्याचं काम मुख्यतः ताटातच होतं, व्यायामाचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की व्यायामाची सवय वजनकाट्याला बांधू नका. काटा महिना-महिना हलत नाही, आणि तो हलला नाही की माणूस बूट कपाटात ठेवून देतो.

काटा आपल्याला पुरतं खरं सांगतही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. उंचीच्या मानाने वजन मोजणारा दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपण भारतीय दिसायला बारीक असलो तरी पोटाभोवती चरबी बाळगून असतो, हे त्या एका पानाने जगाला दाखवलं. तेव्हा काट्याबरोबर शिंप्याची टेपही घरात ठेवा. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी.

सवय लागते कशी, याचं उत्तर मला आमच्याच इमारतीतल्या एका ताईंकडे पाहून मिळालं. मुलांना शाळेच्या व्हॅनमध्ये बसवायला पावणेसातला खाली उतरणाऱ्या बायकांच्या अंगावर बहुधा गाऊन आणि वरून ओढणी असते. लगेच वर जायचं असतं, दुसऱ्या डब्याच्या पोळ्या व्हायच्या असतात. या ताईंनी एका जूनमध्ये, शाळा सुरू झाल्या तशी, पंजाबी ड्रेस आणि पायात बूट घालूनच खाली यायला सुरुवात केली. व्हॅनवाल्या काकांनी दार सरकवून लावलं की त्या लिफ्टकडे न जाता फाटकाकडे वळायच्या. आधी कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत जाऊन परत, जेमतेम दहा मिनिटं. गणपतीपर्यंत ते अंतर अर्ध्या तासाचं झालं. पावसाची सर आली की पार्किंगमध्येच फेऱ्या. ‘आज जाऊ की नको’ हा प्रश्न त्यांना पडतच नव्हता, कारण व्हॅन रोज यायचीच.

मग दिवाळीची सुट्टी लागली. व्हॅन बंद, चालणंही बंद. शाळा उघडली तरी गाडी रुळावर यायला वेळ लागला. पुढच्या मे महिन्यात मात्र त्यांनी घरपोच दूध थांबवलं आणि सुट्टीचे दिवस पिशवी आणायला स्वतः जायचं ठरवलं. मला त्यांची ही दुसरी युक्ती पहिलीपेक्षाही मोलाची वाटते. सवय ज्या खुंटीला टांगली ती खुंटीच सुट्टीत, पाहुण्यांत, आजारपणात निघणार हे गृहीत धरून दुसरी आधीच ठोकून ठेवायची. आधी त्यांची कंबर कमी झाली, वजन नंतर उतरलं, रात्रीचं जेवण लवकर आणि बेताचं केल्यावर. ते उतरलेलंच आहे, आणि त्यांचं चालणंही चालू आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास हेच सांगतो. ९६ जणांनी बारा आठवडे एखादी साधी गोष्ट दिवसातल्या ठरलेल्या प्रसंगाला जोडून केली. ती अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाचा मधला आकडा निघाला ६६ दिवस. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. व्यायामाला तर पाणी पिण्या-फळ खाण्यापेक्षा जास्तच वेळ लागला. एकवीस दिवसांत सवय लागते, असं जे सर्रास सांगितलं जातं त्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश होऊ नका. मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. हा दुसरा भाग आपण सरळ सोडून देतो. खाणं कमी केलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, तेव्हा उठाबशा आणि भिंतीला हात लावून मारलेले जोर हवेतच. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या शाळांमध्ये ज्यांचा आग्रह धरला ते सूर्यनमस्कार तर एका सतरंजीच्या जागेत होतात. गुडघे दुखत असतील, हृदयविकार किंवा मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

शेवटचा मुद्दा घराघरांतला आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या पाहणीनुसार, २०२२ मध्ये पुरेशी हालचाल न करणाऱ्यांचं प्रमाण भारतातल्या पुरुषांत ४२ टक्के आणि बायकांत ५७ टक्के होतं. दिवसभर राबूनही बायका मागे, कारण ओट्याशी उभं राहून पाय दुखतात, दम वाढत नाही. आमच्या इमारतीतल्या त्या ताईंचं चालणं टिकलं यात त्यांच्या यजमानांचा वाटा मोठा आहे. पावणेसात ते सव्वासात पोळ्या तेच लाटतात. घरोघरच्या पुरुषांना माझी हीच विनंती आहे. बायकोला व्यायामाचा सल्ला देऊ नका, सकाळचा अर्धा तास तिला मोकळा करून द्या. पोळ्या येत नसतील तर या आठवड्यात शिकून घ्या.