परसांतील तळें आणि हिंवाळा

घाटनांदूरच्या आमच्या परसांत एक हौद आहे. पौषांतल्या कांहीं पहाटे त्याचें पाणी हातास झोंबतें. परंतु तें गोठलेलें आम्ही कधीं पाहिलें नाहीं. मग गोठणाऱ्या पाण्याविषयीं उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार तो कोणता? तरी तो आम्ही केला, आणि त्याचा परिणाम पाहूनच आज हें लिहावयास बसलों आहों.

आमचा पुतण्या कॅनडांतील टोरांटो येथें राहतो. त्याच्या घरामागील लहानशा तळ्यांत सोनेरी मासे होते. गेल्या हिंवाळ्यापूर्वीं त्यानें आमचा सल्ला विचारला. माणूस जसें पांघरूण घेतो, तसें तळेंही फळ्यांनीं घट्ट झांकावें, असें आम्ही सांगितलें. वडीलधाऱ्यांचा शब्द म्हणून त्यानें तसेंच केलें. बर्फ वितळल्यावर फळ्या काढल्या, तों एकही मासा जिवंत नव्हता. त्याच्या मुलानें आम्हांस विचारलें, "आजोबा, त्यांना फार थंडी वाजली का?" आम्ही "होय, बाळ" म्हणालों. तें उत्तर चुकीचें होतें.

पाणी थंड होतां होतां आकसतें व जड होतें. परंतु ४ अंश सेंटिग्रेडच्या खालीं तें पुन्हां प्रसरण पावूं लागतें. म्हणून अधिक थंड पाणी हलकें होऊन वर राहतें, ० अंशास तेथेंच त्याचा बर्फ होतो, आणि तळाशीं सुमारें ४ अंशांचें पाणी उरतें. पुरेशा खोल तळ्यांत सोनेरी मासे तेथें निपचित राहून हिंवाळा काढूं शकतात. त्यांस मारक होतें तें पाण्यांतील प्राणवायु संपणें. वरून बर्फ, त्यावर आमच्या फळ्या, आणि खालीं कुजणारा पाला; तो पालाही प्राणवायु खातो व दूषित वायु सोडतो. तो वायु बाहेर जाण्यास वाट उरली नाहीं.

तेव्हां सर्व तळें गोठूं न देण्याची खटपट नको. एक भोंक उघडें राहिलें कीं पुरे. त्यासाठीं तरंगता विजेचा हीटर मिळतो. हवेचा पंप लावल्यास त्याची नळी पृष्ठभागाजवळ ठेवावी. तळाशीं ठेवल्यास तेथील उबदार पाणी ढवळलें जातें. भोंक बुजल्यास हातोडा मारूं नये, कारण त्याचे धक्के माशांस इजा करतात. गरम पाण्याचें पातेलें बर्फावर ठेवून तो वितळवावा. थंडीपूर्वीं पाला काढावा, आणि पाणी १० अंशांखालीं गेल्यावर खाद्य बंद करावें.

आमच्या हौदांत डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आहेत. बर्फाचें भय येथें नाहीं, पण श्वासाचा नियम तोच. ज्या घरीं असा हौद असेल, तेथें घट्ट झांकण न घालतां जाळी घालावी आणि पडलेला पाला वरचेवर काढावा.

अमरकोशांत पाण्यास 'जीवन' म्हटलें आहे. हा शब्द आम्ही वर्षानुवर्षें मुलांकडून पाठ करून घेतला. पण त्या जीवनासही वारा लागतो, हें या वयांत शिकलों. नातवास आम्ही खरें उत्तर कळविलें, व चूक आपली होती हेंही. फळ्यावर चुकीचें लिहिलें गेलें, तर तें मास्तरानेंच पुसावें.